परदेशी शाळेची मुलं घरी मुक्कामाला येणार असतील तर

शाळेच्या डायरीत चिठ्ठी येते: "आपल्या भगिनी शाळेचे विद्यार्थी दहा दिवसांच्या सांस्कृतिक भेटीसाठी येत आहेत. आपल्या घरी एखाद्या विद्यार्थ्याची सोय करू इच्छिणाऱ्या पालकांनी वर्गशिक्षकांकडे नाव द्यावे." संध्याकाळपर्यंत पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्नांचा पाऊस पडतो. आमचं वन रूम किचन आहे, चालेल का? पोलिसांत कळवावं लागतं का? मुलीच्या घरी मुलगीच येणार ना? आजारी पडलं तर कुठे न्यायचं? खर्च किती येईल? मुख्याध्यापकांचे प्रश्न वेगळे असतात: कुणाची परवानगी घ्यायची, पाहुण्या शाळेने देणगी देऊ केली तर स्वीकारायची का?

मुंबईतल्या हिंदमाता, नायगाव, परळ, लालबाग या पट्ट्यातल्या शाळांना आणि पालकांना हे प्रश्न दर भेटीच्या वेळी नव्याने पडतात. म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र देत आहे.

सुरुवातीलाच एक सांगते. पाहुण्या मुलांची जबाबदारी यजमान शाळेची असते. पालक घर देतात, जेवू घालतात, माया लावतात. पण कागदपत्रं, सुरक्षितता, दवाखाना आणि अडचणीच्या वेळचा निर्णय ही शाळेची कामं आहेत. ती पालकांवर सोपवून शाळा फक्त स्वागत समारंभ सांभाळणार असेल, तर पालकांनी नाव देऊ नये.

आधी लेखी करार, मग स्वागताचा फलक

मुंबईचं योकोहामाशी 1965 पासून आणि स्टुटगार्टशी 1968 पासून भगिनी शहराचं नातं आहे. जपानी किंवा जर्मन शाळेचा विषय निघाला की हा दाखला हमखास दिला जातो. मात्र शहरांच्या या नात्यामुळे तुमच्या शाळेला निधी किंवा परवानगी आपोआप मिळत नाही. दोन्ही शाळांनी आपसांत स्वतंत्र करार करावा लागतो. असे बरेचसे करार एका पानाचे आणि गोड शब्दांचे असतात. मैत्री, सौहार्द, देवाणघेवाण एवढंच त्यात असतं. खाली दिलेल्या मुद्द्यांवर दोन्ही मुख्याध्यापकांच्या सह्या झाल्याशिवाय तारीख जाहीर करू नका:

- किती मुलं येणार, कोणत्या वयाची, सोबत किती शिक्षक. मुली असतील तर सोबत शिक्षिका हवीच.
- विमानाचं तिकीट, विमा, मुंबईतला प्रवास, बाहेरचं जेवण, प्रवेशाची तिकिटं यांपैकी कोणता खर्च कुणाचा.
- आजारपण किंवा अपघात झाला तर निर्णय कोण घेणार आणि मुलाच्या आईवडिलांना कोण, किती वेळात कळवणार.
- मुलाला घर बदलून हवं असेल तर काय करायचं. गंभीर शिस्तभंग झाला आणि मुलाला लवकर परत पाठवावं लागलं तर खर्च कुणाचा.
- फोटो आणि व्हिडिओ कोण काढणार, कुठे वापरणार.
- आपली मुलं त्यांच्याकडे कधी जाणार आणि त्या खर्चाचं काय.

शेवटचा मुद्दा बोलायला अवघड जातो म्हणून राहून जातो, आणि मग वर्षभराने कळतं की परतभेटीला जाणं फक्त दोन-तीन घरांनाच परवडणार आहे. तो आधीच बोला.

करारासोबत शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या कार्यकारिणीचा ठराव घ्या. शाळा अनुदानित असेल तर शिक्षण निरीक्षकांना आणि पालिकेची असेल तर पालिकेच्या शिक्षण विभागाला लेखी कळवून मंजुरी घ्या. स्थानिक पोलीस ठाण्यालाही मुलांची संख्या, तारखा आणि मुक्कामाचे पत्ते देणारं पत्र द्या. एकाच शाळेची यजमान घरं भोईवाडा, काळाचौकी आणि दादर अशा तीन ठाण्यांच्या हद्दींत विखुरलेली असू शकतात. पत्र प्रत्येक ठाण्यात द्यावं आणि पोच घ्यावी.

(एएफएस किंवा रोटरीच्या योजनेतून कित्येक महिने राहायला येणारं मूल हा वेगळा प्रकार आहे. या संस्थांचे निवडीचे आणि प्रशिक्षणाचे नियम स्वतंत्र असतात. इथलं मार्गदर्शन आठ-पंधरा दिवसांच्या, शाळेने शाळेशी ठरवलेल्या भेटींसाठी आहे.)

तारीख ठरवताना हिंदमाताचं पाणी लक्षात ठेवा

तिकडची उन्हाळी सुट्टी जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत असते, म्हणून पाहुणी शाळा बहुधा तेच दिवस सुचवते. आपल्याकडे ते भर पावसाचे दिवस. हिंदमाताचा भाग बशीसारखा सखल आहे. पालिकेने प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली साठवण टाक्या बांधल्यापासून पाणी पूर्वीपेक्षा लवकर ओसरतं, परंतु मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली तर शाळेची बस तासन्‌तास अडकू शकते. परक्या देशातल्या चौदा वर्षांच्या मुलांना घेऊन तो धोका पत्करू नये. स्पष्ट नकार कळवा आणि कारणही लिहा. त्यांना ते समजतं.

गणेशोत्सव पाहायला मिळावा अशी मागणीही येते. लालबागमध्ये त्या दहा दिवसांत रस्ता ओलांडायलाही वेळ लागतो. तिथे मुक्कामाची घरं ठेवू नका. उत्सव दाखवायचाच असेल तर एखाद्या चाळीतला किंवा सोसायटीतला गणपती आणि संध्याकाळची आरती दाखवा. मुलांना तिथे हातात झांज घेऊन उभं राहता येतं, मोठ्या मंडळाच्या रांगेत काहीच करता येत नाही.

सोयीचा काळ म्हणजे दिवाळीची सुट्टी संपल्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. त्यातही 6 डिसेंबरच्या आसपासचे दिवस टाळा. चैत्यभूमीला येणाऱ्या जनसागरामुळे दादरची वाहतूक बदललेली असते. जपानी शाळांना डिसेंबरच्या शेवटी आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुट्टी असते. त्याच सुमारास आपल्या शाळांची स्नेहसंमेलनं असतात, म्हणून हा मेळ चांगला बसतो. जर्मन शाळांची शरदातली सुट्टी ऑक्टोबरच्या सुमारास येते. ती आपल्या दिवाळीच्या सुट्टीशी जुळली तर मुलांना घरची दिवाळी मिळते, मात्र शाळा पाहायला मिळत नाही. आपली दहावीची मुलं यजमान म्हणून घेऊ नका. आठवी-नववीची घ्या.

व्हिसा: विचारायचं त्यांनी, पत्र द्यायचं आपण

व्हिसा काढणं पाहुण्या शाळेचं काम आहे. तरीही चुकीचा व्हिसा काढला गेला तर विमानतळावर घोळ आपल्याच दारात येतो. ई-पर्यटक व्हिसावर पर्यटन, मित्र-नातेवाइकांची भेट आणि पात्रतेचं प्रमाणपत्र न देणारे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम चालतात. शाळेच्या वर्गात बसणं आणि स्नेहसंमेलनात भाग घेणं त्यात धरलं जाईल का, हे पाहुण्या शाळेने त्यांच्या देशातल्या भारतीय वकिलातीला लेखी विचारावं आणि ते उत्तर तुम्हाला पाठवावं. "मागच्या वर्षी दुसऱ्या शाळेने तसंच केलं होतं" हे उत्तर पुरेसं नाही.

तुमचं निमंत्रणपत्र शाळेच्या लेटरहेडवर, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचं असावं. त्यात प्रत्येक मुलाचं पासपोर्टप्रमाणे नाव, तारखा, भेटीचा हेतू, मुक्कामाची व्यवस्था आणि शाळेच्या जबाबदार व्यक्तीचा फोन नंबर हवा. पासपोर्टची मुदत भारतात आल्यापासून किमान सहा महिने शिल्लक असावी आणि त्यात दोन कोरी पानं असावीत. आईवडील सोबत नसल्यामुळे त्यांचं नोटरी केलेलं संमतीपत्र प्रत्येक मुलाजवळ असू द्या.

आणखी एक सूचना निघण्यापूर्वीच कळवा. ई-सिगारेटची आयात, विक्री आणि साठा यांवर 2019 च्या कायद्याने भारतात बंदी आहे. सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय आणता येत नाही. ड्रोनही आणू नये. युरोपातल्या किशोरांच्या बॅगेत व्हेप सापडणं ही दुर्मीळ गोष्ट राहिलेली नाही, आणि डोंगरात भटकणाऱ्या एखाद्या शिक्षकाकडे उपग्रहाशी जोडणारं उपकरण सहज असू शकतं.

चोवीस तासांतली नोंद

सर्वांत जास्त गोंधळ याच बाबतीत आहे. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की त्याची माहिती परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला चोवीस तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते. यालाच वर्षानुवर्षं 'सी फॉर्म' म्हणतात. 1 सप्टेंबर 2025 पासून जुने चार कायदे जाऊन त्यांच्या जागी आप्रवास व परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा आला, पण ही चोवीस तासांची अट तशीच आहे. ती फक्त हॉटेलांना लागू आहे असा समज सर्रास आढळतो. घरी, धर्मशाळेत, वसतिगृहात, कुठेही मुक्काम असला तरी ती लागू होते. पाहुणं मूल लहान आहे, आपण पैसे घेत नाही, चारच रात्रींसाठी आलंय, यांपैकी कशानेही सूट मिळत नाही.

शाळेने पालकांना "तुमचं तुम्ही भरा" असं सांगून मोकळं होऊ नये. असं करा:

1. भेटीच्या पंधरा दिवस आधी शाळेच्या संगणक कक्षात सर्व यजमान पालकांना बोलवा. ज्यांच्या घरी मुक्काम आहे त्यांची संकेतस्थळावरची नोंदणी तिथेच करून घ्या. घराच्या पत्त्याचा आणि ओळखीचा पुरावा सोबत आणायला सांगा.
2. प्रत्येक मुलाच्या पासपोर्टच्या, व्हिसाच्या आणि फोटोच्या स्पष्ट प्रती आधी मागवून त्या त्या पालकाला द्या.
3. मूल घरी पोचलं की त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पासपोर्टवरचा प्रवेशाचा शिक्का पाहून तारीख भरा आणि अर्ज पाठवा.
4. नोंद झाल्याची प्रत शाळेला द्या. शाळेतल्या एका व्यक्तीने यादी समोर ठेवून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या प्रती आल्या का ते पाहावं.

मुक्काम बदलला की नोंद पुन्हा करावी लागते. "दोन रात्री माझ्याकडे, मग दोन रात्री मैत्रिणीकडे" अशी आपसांतली अदलाबदल म्हणूनच टाळा. वेरूळ-अजिंठ्याला नेलंत तर तिथल्या हॉटेलने नोंद केली का, हे सोबतच्या शिक्षकांनी विचारून घ्यावं. पासपोर्ट यजमानांनी काढून घेऊ नये. तो मुलाकडे किंवा त्यांच्या शिक्षकांकडे राहतो. आपल्याकडे प्रत पुरते.

घर लहान आहे, चालेल का?

चालतं. अटी मात्र आहेत, आणि त्या चौरस फुटांच्या नाहीत.

नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. पुनर्विकासात फ्लॅट मिळाला तरी घरात माणसं पाच-सहा. पाहुण्यांना काय वाटेल, या संकोचाने आपल्या भागातले कितीतरी पालक नावच देत नाहीत आणि मग सगळी मुलं दोन-चार मोठ्या फ्लॅटांत जातात. ही मुलं मुंबई पाहायला येतात आणि मुंबई अशीच राहते. मूल आपल्या घरी राहायला येतं, घर तपासायला येत नाही. पण त्याला खरं चित्र आधी कळलं पाहिजे, म्हणजे ते मनाची तयारी करून येतं.

यासाठी शाळेने प्रत्येक यजमानाकडून घराची माहिती भरून घ्यावी आणि ती पाहुण्या शाळेला पाठवावी. नमुना असा:

*"एक खोली आणि स्वयंपाकघर. तिसरा मजला, लिफ्ट नाही. घरात आजी, आईवडील आणि दोन मुली. पाहुण्या मुलीला पलंग मिळेल, आमच्या मुली त्याच खोलीत जमिनीवर गादी घालून झोपतात. आईवडील स्वयंपाकघरात झोपतात. न्हाणीघर आणि संडास घरात, आतून कडी आहे. आंघोळ बादली-मगाने, गरम पाणी मिळतं. नळाला पाणी सकाळी पाच ते सात. एसी नाही, दोन पंखे आहेत. घरात मासे शिजतात. कुत्रा-मांजर नाही. कोणी सिगारेट ओढत नाही. रस्त्यावरचे आवाज रात्री अकरापर्यंत येतात."*

असं पत्रक वाचून समोरच्या मुलीची आई निर्धास्त होते. 'प्रशस्त, हवेशीर घर' एवढंच वाचून ती होत नाही.

ज्या बाबतीत तडजोड करू नये त्या चारच:

- झोपायला स्वतंत्र अंथरूण. पलंग नसला तरी चालेल.
- मुलीसोबत त्याच खोलीत फक्त मुली किंवा घरातली बाई. मुलाच्या बाबतीतही हाच विचार.
- न्हाणीघराला आणि संडासाला आतून कडी. सामाईक संडास असेल तर रात्री सोबत कोण जाणार ते ठरलेलं हवं.
- मूल घरी असताना घरात जबाबदार मोठं माणूस. आईवडील दोघंही रात्रपाळीला असतील तर त्या आठवड्यापुरतं नाव देऊ नका.

यांतलं काही जमत नसेल तर 'दिवसाचं घर' हा पर्याय शाळेकडे मागा. मुलं रात्री एकत्र, शिक्षकांसोबत एखाद्या अतिथिगृहात राहतात आणि सकाळच्या न्याहारीपासून रात्रीच्या जेवणापर्यंत तुमच्या घरी असतात. माझ्या मते पहिल्यांदाच भेट घडवणाऱ्या शाळांनी याच पद्धतीने सुरुवात करावी. जास्त घरांना सहभागी होता येतं, नोंद एकाच ठिकाणची होते आणि रात्रीची काळजी शिक्षकांकडे राहते.

सोसायटीच्या सेक्रेटरींना मुलाचं नाव, तारखा आणि शाळेचं पत्र देऊन ठेवा. घर भाड्याचं असेल तर करारातली पाहुण्यांविषयीची अट वाचा आणि मालकाला फोन करून सांगा.

स्वयंपाकघरात आधी दाण्याच्या कुटाकडे पाहा

तिखटाची काळजी सगळे करतात. खरा धोका शेंगदाण्याचा आहे. युरोप-अमेरिकेतल्या कित्येक मुलांना शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असते. अगदी थोडा अंश पोटात गेला तरी ओठ सुजतात, श्वास कोंडतो आणि काही मिनिटांत जिवावर बेतू शकतं. आपल्या स्वयंपाकात दाणे दिसत नाहीत तिथेही असतात: काकडीच्या कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, आमटीला दाटपणासाठी कूट, पोह्यांत आणि साबुदाण्याच्या खिचडीत दाणे, चटणीत दाणे, कढईत शेंगदाणा तेल, आणि पाहुण्याला हातावर ठेवायला चिक्की. कुटाच्या डब्यातला चमचा मिठाच्या डब्यात जातो तो वेगळाच. "आज कूट घातलं नाही" एवढ्याने भागत नाही.

म्हणून ॲलर्जीची माहिती डॉक्टरांच्या सहीने, भेटीच्या महिनाभर आधी मागवा. शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेलं मूल कुटाशिवाय ज्यांच्या घरी पान हलत नाही अशा घरी ठेवू नका. त्याला 'दिवसाचं घर' द्या किंवा शिक्षकांसोबत ठेवा. अशा मुलाजवळ ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन असतं. ते कुठे ठेवलं आहे आणि कसं द्यायचं, हे सोबतच्या शिक्षकांकडून घरातल्या दोन मोठ्या माणसांनी शिकून घ्यावं. काजू, तीळ, दूध, अंडी, कोळंबी यांबद्दलही विचारा.

बाकीचं सोपं आहे. पाणी उकळून गार केलेलं किंवा सीलबंद द्या. पहिले दोन दिवस वरणभात, तूप, पोळी, उकडलेला बटाटा, केळी, साधं दही एवढंच ठेवा. लालबागच्या मसाल्याची कोंबडी चौथ्या दिवसापर्यंत थांबू शकते. कापून ठेवलेली फळं आणि बर्फाचा गोळा टाळा. पानात आग्रहाने वाढू नका. अनेक मुलांना नको म्हणणं उद्धटपणाचं वाटतं, मग ती संपवत राहतात आणि रात्री आजारी पडतात. वाढण्याचे चमचे त्यांच्या हातात द्या.

आजारी पडलं तर

परळमध्ये असण्याचा मोठा आधार म्हणजे केईएम आणि लहान मुलांसाठीचं वाडिया रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. तरी विमा कोणत्या खाजगी रुग्णालयात थेट चालतो, हे आधी विचारून ठेवा. विम्याच्या कागदाची आणि उपचारासाठी आईवडिलांनी दिलेल्या इंग्रजी संमतीपत्राची प्रत प्रत्येक यजमान घरात हवी. मूल स्वतःची औषधं घेऊन आलं असेल तर त्यांची यादी घ्या. आपल्या घरातली गोळी, काढा, चूर्ण शिक्षकांना विचारल्याशिवाय देऊ नका, मग ते कितीही गुणकारी असो.

ताप एक दिवस टिकला तर डॉक्टरांकडे न्या. डासांसाठी मलम आणि मच्छरदाणी पहिल्या दिवसापासून. फ्रिजवर हे नंबर लावा: रुग्णवाहिका 108, आणीबाणी 112, बालकांसाठी 1098, महिला व मुलांसाठी मुंबई पोलिसांचा 103, पावसापाण्यात पालिकेचा 1916. त्याखाली शाळेच्या समन्वयकांचा आणि पाहुण्या शिक्षकांचा.

मुलांची सुरक्षितता: अवघड वाटलं तरी बोलायचं

"आमच्या घरात असं काही होणार नाही" असं म्हणून हा विषय बाजूला ठेवला जातो. शाळेने तो यजमान पालकांच्या पहिल्याच बैठकीत मांडायचा. पॉक्सो कायदा, 2012 अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लागू आहे, मग ते कुठल्याही देशाचं असो. लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवणं हाही गुन्हा आहे. शाळेचं किंवा पाहुण्यांचं नाव खराब होईल म्हणून मिटवून टाकण्याची मुभा कुणालाच नाही.

- शाळेने प्रत्येक यजमान घराला आधी भेट द्यावी. घरात राहणाऱ्या सर्व प्रौढांची नावं नोंदवावीत. त्या दहा दिवसांत गावाहून कुणी मुक्कामाला येणार असेल तर तेही कळवावं.
- पाहुणं मूल घरातल्या एखाद्या प्रौढासोबत एकटं बाहेरगावी जाणार नाही. बाहेर जाताना आपलं मूल सोबत हवं.
- पहिल्या दिवशी पाहुण्या मुलांना त्यांच्याच भाषेत सांगा: काही अस्वस्थ वाटलं तर कुणाला, कोणत्या नंबरवर, कोणत्याही वेळी फोन करायचा. ती व्यक्ती यजमान घरातली नसावी.
- शाळेच्या सखी सावित्री समितीला भेटीची माहिती द्या आणि तिच्या एका सदस्याला समन्वयात घ्या.
- दोन्ही बाजूंच्या पालकांची लेखी संमती नसेल तर मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. घरात आलेल्या काकांनी काढलेले फोटोही यात आले.

पैसे आणि भेटवस्तू

यजमान घराने मुलाकडून राहण्या-जेवण्याचे पैसे घेऊ नयेत, हे उत्तम. पण दहा दिवसांचा जादा बाजार, रिक्षा-टॅक्सी, गॅस हा खर्च खरा असतो, आणि गिरणगावातल्या अनेक घरांना तो जाणवतो. शाळेने ठरावीक रक्कम सर्व यजमानांना सारखी द्यावी. नको असेल त्यांनी परत करावी. मागणाऱ्यालाच देण्याची पद्धत ठेवली की गरज असलेला मागत नाही.

पाहुण्या शाळेने आपल्या संस्थेला देणगी, संगणक किंवा वाद्यं देऊ केली तर लगेच होकार देऊ नका. परदेशातून देणगी घेण्यासाठी संस्थेकडे परदेशी अभिदाय कायदा, 2010 खालची नोंदणी लागते, आणि ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावी लागते. मुख्याध्यापकांच्या किंवा पालक संघाच्या खात्यात घेणं बेकायदा ठरेल. परदेशी विद्यार्थ्यांकडून घेतलेलं शुल्क आणि दिलेल्या सेवेचा मोबदला यात मोडत नाही, तरी पावती आणि हिशेब चोख ठेवा, सनदी लेखापालांचा सल्ला लेखी घ्या. मुलाने तुमच्या मुलीला दिलेली बाहुली किंवा पुस्तक यासाठी काही करावं लागत नाही. वैयक्तिक वापराच्या भेटवस्तूला एक लाख रुपये किमतीपर्यंत सूट आहे.

भेट म्हणून आपण काय द्यावं, हा प्रश्न हिंदमाताच्या बाजारात सहज सुटतो. जरीची साडी किंवा शेरवानी मूल तिकडे कधी वापरणार? सुती कुर्ता द्या, किंवा गणवेशाच्या दुकानातून तुमच्या शाळेचा टाय आणि बॅज. वजन कमी, आणि तिकडच्या वर्गात तो घालून दाखवला जातो.

काय दाखवाल, काय सोडून द्याल

कार्यक्रमपत्रिकेत रोज चार ठिकाणं भरू नका. एका दिवसात सकाळी एक आणि संध्याकाळी घर, एवढं पुरेसं आहे. पाहुण्या मुलांना शाळेचे किमान दोन साधे दिवस द्या: प्रार्थना, तास, डबा, मधली सुट्टी. स्वागतासाठी आपल्या मुलांना आठवडाभर उन्हात लेझीम बसवायला लावू नका. पाहुण्यांच्याच हातात लेझीम देऊन एका तासात दोन पावलं शिकवा.

शाळेच्या आसपासच पुष्कळ आहे. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' दादरमध्येच चित्रित केला आणि 3 मे 1913 रोजी तो गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. आज त्यांचंच नाव असलेला रस्ता हिंदमाताहून चालत गाठता येतो. हिंदू कॉलनीतलं डॉ. आंबेडकरांचं घर, राजगृह, जपानी मुलांना जरूर दाखवा. वाकायामा प्रांतातल्या कोयासान विद्यापीठात सप्टेंबर 2015 मध्ये डॉ. आंबेडकरांचा पुतळा बसला आहे, हे त्यांना सांगितलं की ती घरी जाऊन शोधतात. शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब पाहता येतो. 2019 मध्ये पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा शिवाजी पार्कलाच झाली होती. गिरण्यांचा इतिहास एखाद्या निवृत्त कामगार आजोबांकडून ऐकवा. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा ते कुठल्या खात्यात होते, इथपासून त्यांना बोलू द्या. तुमच्या मुलांनी वाक्यावाक्याला भाषांतर करावं. त्या निमित्ताने आपल्या मुलांनाही तो इतिहास पहिल्यांदा नीट कळतो.

बाहेर नेताना:

- घारापुरी सोमवारी बंद असते. भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि राणीची बाग बुधवारी.
- घारापुरीला भारतीयांना 40 आणि परदेशी पाहुण्यांना 600 रुपये तिकीट आहे. पंधरा वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्टची प्रत जवळ ठेवा.
- लोकल दाखवायची तर रविवारी सकाळी, परळहून, लहान गटांत.
- परळ आणि प्रभादेवी जोडणारा जुना एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर 2025 मध्ये पाडकामासाठी बंद झाला. वरळीकडे जायचं तर बसचा मार्ग आधी तपासा आणि वेळ जास्त धरा.
- देवळात, दर्ग्यात, विहारात नेताना आधी विचारा. टिळा लावून घेणं, पाया पडणं हे त्यांच्या इच्छेवर सोडा.

तुमचे हक्क, त्यांचे हक्क

यजमान पालक म्हणून मुलाचं वय, आहार, आजार आणि सवयी आधी जाणून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. जमत नसेल तर कारण न सांगता नाव मागे घेण्याचा हक्क आहे. मूल आल्यानंतर घरात अडचण आली, कुणी आजारी पडलं, तर शाळेने बारा तासांत दुसरी सोय करावी, अशी अट लिहून घ्या. रात्री उशिरा बाहेर राहणं, मद्य, सिगारेट यांबाबत तुमच्या घराचे नियम पाहुण्यालाही लागू आहेत, आणि ते पहिल्या संध्याकाळी शांतपणे सांगावेत.

पाहुण्या मुलाला हवं तेव्हा घरी फोन करण्याचा, एकटं बसण्याचा, जेवण नको म्हणण्याचा आणि घर बदलून मागण्याचा हक्क आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरीच मुलं गप्प होतात. घरची आठवण येते, आवाज आणि माणसं यांनी थकवा येतो. तेव्हा शेजाऱ्यांना "बघा, आमच्याकडे कोण आलंय" म्हणून बोलावू नका. पंख्याखाली दोन तास झोपू द्या.

आणि तुमच्या मुलाचाही विचार करा. दहा दिवस आपली जागा, आपली माणसं आणि आईचं लक्ष वाटून घेणं त्याला जड जाऊ शकतं. नाव देण्यापूर्वी त्याला विचारा, आणि तो नाही म्हणाला तर त्याचं ऐका.

परतभेटीची निवड

भेट संपली की शाळा परतभेटीसाठी आपली मुलं निवडते. "ज्यांनी घर दिलं त्यांचीच मुलं" असा नियम अनेक शाळा नकळत लावतात. हा नियम लावू नये. ज्यांच्या घरात खरोखर जागा नव्हती, ज्या रात्रपाळीच्या परिचारिका आहेत, त्यांच्या मुलांनी शाळेत भाषांतर केलं असेल, मैदानावर खेळ शिकवले असतील, 'दिवसाचं घर' दिलं असेल. तेही यजमानच होते. निवडीचे निकष पाहुणे येण्यापूर्वीच लेखी जाहीर करा. खर्चासाठी माजी विद्यार्थ्यांकडून निधी गोळा करायचा असेल तर तो आधी करा. निवड समितीत ज्यांची मुलं इच्छुक नाहीत असे दोन पालक ठेवा. परतभेटीची चिठ्ठी शाळेतल्या त्या इयत्तेच्या प्रत्येक मुलाच्या डायरीत गेली आहे ना, हे वर्गशिक्षकांनी स्वतः पाहावं.